छकड्यावरचा माणूस

इंदापूर तालुक्यातल्या एका माळावर फेब्रुवारीत मी सकाळी नऊपासून दिवस मावळेपर्यंत उभा होतो. समालोचकाचा घसा पहिल्या तासाभरातच बसला होता, तरी तो थांबत नव्हता. गट सुटायच्या आधी चिठ्ठीप्रमाणे गाड्या पुकारायच्या: अमुक गावचे अमुक शेठ, त्यांचा हा बैल, पैऱ्याला तमुक गावचा तो बैल, आदत आहे का दुसा, मागच्या मैदानात त्यानं काय मारलं. एकदोन बैलांची तर आई कुठल्या दावणीची तेही सांगून झालं. एवढ्या नावांच्या पावसात छकड्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची नावं मला दिवसभरात चारपाच वेळा ऐकू आली. तीही बहुतेक पोरगं पडलं तेव्हा.

फायनल झाली. गुलालात माखलेल्या बैलाभोवती माणसांचं कोंडाळं झालं, मालक आले, मालकांची मुलं आली, पुढारी आले, फोटो निघाले. ज्यानं ती गाडी निशाणापर्यंत आणली तो तिशीतला माणूस बाजूला बाभळीखाली बसून नडगीवरच्या सोलवटलेल्या कातड्याला हळद लावत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "दादा, आजवर किती मैदानं मारली?"

"मोजली न्हाईत," तो म्हणाला. "बैलाची इचारा. त्याची मालकाच्या वहीत हायत."

हा आढावा त्या वहीविषयी आहे. बारामती-इंदापूरच्या मातीवर शर्यतीतली कारकीर्द कुणाची होते, कुणाच्या नावावर जमा होते आणि कुणाच्या हाडांवर खर्ची पडते, हे एकदा नीट बघायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

जगात खडबडीत जमिनीवर वाहनं पळवण्याचा खेळ मोठा आहे, आणि त्यात हाकणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी येतं. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पात 1967 पासून ट्रक, जीप आणि मोटारसायकली पळतात. तिथल्या आयव्हन स्टुअर्ट या ड्रायव्हरला लोक 'आयर्नमॅन' म्हणायचे, कारण इतरजण मध्ये ड्रायव्हर बदलत असताना तो लांब पल्ल्याची शर्यत एकट्यानं काढायचा. 1989 मध्ये त्याच्या नावानं एक व्हिडिओ गेमच निघाला. डाकार रॅलीत अवजड ट्रकांचा वेगळा गट असतो. एका केबिनमध्ये तिघं: चालक, वाट दाखवणारा आणि मेकॅनिक. रशियाचा व्लादिमीर चागिन हा गट सात वेळा जिंकला. त्याचा ट्रक कामाझ कंपनीचा होता, पण आठवण चागिनची निघते. ट्रक दर दोन-चार वर्षांनी बदलत गेले.

आपल्याकडेही असं घडलं आहे. टाटा मोटर्सनं 2014 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 'प्रायमा' ट्रकांच्या शर्यती सुरू केल्या. पहिल्या दोन वर्षी स्टिअरिंगवर परदेशी चालक होते. 2016 मध्ये मात्र आपले, महामार्गांवर माल वाहणारे ट्रकचालक निवडून, शिकवून, अंगात आगरोधक कपडे आणि डोक्यात हेल्मेट घालून त्या ट्रॅकवर उतरवले गेले. ज्याला ढाब्यावर 'ए ड्रायव्हर' अशी हाक पडते, त्याला त्या दिवशी स्वतःच्या नावानं टाळ्या पडल्या. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पुण्याचे संजय टकले मोटोक्रॉसच्या दुचाकीपासून सुरुवात करून आशिया-पॅसिफिकच्या रॅलीपर्यंत गेले आणि जानेवारी 2025 मध्ये सौदी अरेबियात डाकारच्या क्लासिक गटात जुन्या धाटणीची टोयोटा लँड क्रूझर शेवटपर्यंत नेली. चारचाकीतून डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतलं गेलं. टकल्यांची कारकीर्द सांगता येते, कारण ती ओळीनं लिहिलेली आहे: साल, रॅली, गाडी, सहचालक, क्रमांक.

बारामतीपासून पुणे शंभर किलोमीटर. पण टकल्यांच्या खेळापासून बाभळीखालच्या त्या माणसाचा खेळ त्याहून कितीतरी लांब आहे.

हा मुलूख आधी समजून घ्यावा लागतो. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके मधोमध चिरल्यासारखे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या अंगाची जमीन बागायत झाली. पुढं वालचंदनगर उभं राहिलं, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने आले, आणि उजनीच्या पाण्यानं इंदापूरचा भीमेकडचा पट्टाही ऊसवाला केला. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र जिराईत माळ तसाच राहिला. बाजरी, ज्वारी, मेंढरं आणि कुसळं. शर्यतीचं मैदान लागतं ते या माळावर, आणि शर्यतीचा पैसा येतो तो बहुतेक कालव्याखालून. खिल्लार बैल मूळचा याच्या दक्षिणेचा, माणदेशचा. आटपाडी, म्हसवड, सांगोल्याकडचा. लांब शिंगं, ताठ मान, बारीक पाय, कातडी अंगाला चिकटलेली. पाऊस कमी आणि वाटा लांब अशा मुलखानं घडवलेलं हे जनावर. म्हसवड, खरसुंडी आणि सांगोल्याच्या बाजारातून ते इकडं येत राहिलं.

ट्रॅक्टर आले तसे शेतातले बैल कमी झाले. आज इंदापुरात दावणीला बैल दिसला तर तो एकतर ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या कुटुंबाच्या गाडीचा असतो, नाहीतर पळीचा. पहिला रात्रंदिवस उसाच्या मोळ्या ओढतो. दुसरा वर्षात मोजून काही मिनिटं पळतो आणि बाकी वेळ राजासारखा राहतो. एकाच गावच्या दोन वाटांवर हे दोन बैल समोरासमोर येतात तेव्हा बघणाऱ्याच्या मनात काहीतरी हलतं.

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीचा प्रकार प्रत्येक मुलखाचा वेगळा. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळात 'घाट' असतो: चढावर चार बैलांचा गाडा, पुढं घोडी, आणि निकाल सेकंदाच्या घड्याळावर, प्रत्येक धाव म्हणजे एक 'बारी'. विदर्भात शंकरपट, त्यात अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचं नाव जुनं. अलिबागकडं समुद्रकाठच्या वाळूत गाड्या पळतात. कोकणात चिखलातल्या नांगरणीच्या स्पर्धा आहेत. बारामती-इंदापूरचा माणूस जिल्ह्यानं पुण्याचा असला तरी शर्यतीच्या रीतीनं सातारा-सांगली-सोलापूरकडचा आहे. इथं सपाट मैदान, दोन बैल, एक छकडा आणि छकड्यावर एक माणूस. पाच-सात छकडे एकदम सुटतात. गटात पहिला येईल तो सेमीला, सेमीचे पहिले फायनलला. 

छकडा जवळून बघितला नसेल तर सांगतो. दोन हलकी चाकं, एक आख, पुढं जुवापर्यंत जाणारी दांडी, आणि आखावर पाय ठेवण्यापुरतं लाकूड. साटा नाही, कठडा नाही, धरायला काही नाही. जितका हलका तितका चांगला, म्हणून सुतार त्यातलं जे जे काढता येईल ते काढून टाकतो. त्या लाकडावर माणूस गुडघ्यात वाकून, एक पाय पुढं टाकून उभा राहतो. हातात कासरा. बैलांच्या मागच्या खुरांपासून त्याची नडगी हातभर अंतरावर. सुटताना दोन्ही बैलांना चार-सहा माणसांनी पुढून दाबून धरलेलं असतं. झेंडा पडला की ती माणसं बाजूला उड्या टाकतात आणि त्याच क्षणी छकडा असा हिसका देतो की नवखा माणूस जागेवरच मागं पडतो.

पुढच्या काही सेकंदांत हाकणाऱ्यानं काय काय करायचं असतं ते मी एका जुन्या गाडीवानाकडून समजून घेतलं. साठीचे आबा आता हाकत नाहीत, पण एकही मैदान चुकवत नाहीत. ते म्हणाले, "बैल पळतो म्हणून माणूस नुसता बसलेला दिसतो. पण दोन बैल सारखे पळतच न्हाईत. एक फोडून पळतो, एक आत घालतो. आत घालणाऱ्याला आवाजानं काढायचं, फोडणाऱ्याला कासऱ्यानं धरायचं, आन् आपलं वजन कुठल्या अंगाला टाकायचं ते पायाला कळलं पायजे. डोक्याला कळोस्तोर निशाण गेलेलं असतं." त्यांनी जमिनीवर काठीनं दोन रेघा ओढून दाखवल्या. शेजारच्या चाकोरीतली गाडी अंगावर आली तर कासरा ओढायचा नाही, ढिला सोडायचा. ओढला तर बैल मान वर करतो आणि पाय चुकतो. वळणाऱ्या रस्त्यावर मालानं भरलेला ट्रक उतरवणारा माणूस पायानं जे ओळखतो तेच हे ज्ञान आहे. ते शिकवणारी शाळा नाही. लहानपणी गोठ्यात शेण भरण्यापासून सुरुवात होते. मग बैल पोहायला न्यायचा, मग नांगरटीतून चालवायचा, मग एखाद्या दिवशी ड्रायव्हर आला नाही म्हणून, "चल, तू चढ."

बैलाची कारकीर्द मात्र अगदी रीतसर आहे. दुधाचे दात असतात तोवर तो 'आदत'. या वयाच्या बैलांची मैदानं वेगळी भरतात. मग दुसा, चौसा, सहासा, आणि सगळे दात आले की जुळलेला. पाचेक वर्षांचा होईपर्यंत त्याच्या नावाची किंमत ठरून जाते. खुराकात शेंगपेंड, उडदाची डाळ, मक्याचा भरडा, खारीक, दूध. डाव्या खांद्याला पळतो का उजव्या, पाणी किती, चढाला पळतो का उताराला, हे सगळं मालक, पैरेकरी आणि लांबचे शौकीन तोंडपाठ सांगतात. पैरा हा शब्द मला इथं फार जवळचा वाटतो. एकबैली शेतकऱ्यांनी आपापला बैल एकमेकांना देऊन नांगर जुंपायचा, ती जुनी सोय. शेतातून ती गेली आणि मैदानात टिकली. एका मालकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा. जिंकले तर बक्षीस अर्धं अर्धं.

बैलाला पदव्याही आहेत आणि त्या कुस्तीकडून घेतलेल्या आहेत. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या मैदानातून 'हिंदकेसरी' निघतो. एप्रिल 2023 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या 'रुस्तुम-ए-हिंद' मैदानात बकासुर आणि महिब्या ही जोडी पहिली आली आणि बक्षीस म्हणून थार गाडी मिळाली. बकासुर हे नाव आज बारामतीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर घ्या, शाळेतलं पोरही त्याचा पैरा कुणाशी चांगला ते सांगेल. खडकाळ वाटेसाठी बनवलेली चारचाकी मातीत पळणाऱ्या बैलाला मिळते, हे ऐकून मला आनंदच झाला होता. पुढं मी तीनचार शौकिनांना विचारलं की त्या दिवशी छकड्यावर कोण होतं. एकानं नाव सांगितलं, दुसऱ्यानं वेगळं सांगितलं, तिसरा म्हणाला, "आता ते कुणाच्या ध्यानात राहतंय?"

आता कायद्याकडं येतो, कारण या खेळाची मधली दहा वर्षं न्यायालयात गेली. जुलै 2011 मध्ये केंद्र सरकारनं खेळ करवून घ्यायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. जानेवारी 2016 मध्ये केंद्रानं सूट दिली, ती काही दिवसांतच स्थगित झाली. 2017 मध्ये तामिळनाडूत जल्लीकट्टूसाठी आंदोलन पेटलं, त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानं आपला सुधारणा कायदा केला, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर मोकळीक दिली. 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. मध्ये 2022 च्या पावसाळ्यात लम्पी या जनावरांच्या रोगानं बाजार आणि मैदानं पुन्हा थांबवली, तो भाग वेगळा.

बंदीच्या काळात खिल्लाराचे भाव पडले. कसायाकडं बैल देण्यावर मार्च 2015 पासून राज्यात बंदी आली होती, त्यामुळं न पळणारा बैल सांभाळायचाही खर्च आणि विकायचीही वाट बंद. मालकांनी या सगळ्याविरुद्ध संघटना केल्या, मोर्चे काढले, वकील लावले. ते त्यांनी केलं म्हणून खेळ जगला, हे मान्य केलं पाहिजे. पण त्या दहा वर्षांत हाकणाऱ्यांचं काय झालं याची नोंद मला सापडत नाही. मला भेटलेल्यांपैकी एकजण मुळशीला जेसीबीवर गेला. एक पुणे-सोलापूर रस्त्यावर कंटेनर चालवायला लागला. एक चोरून भरणाऱ्या मैदानांत हाकत राहिला आणि पोलीस आले की सगळ्यात आधी तोच सापडायचा, कारण मालक गाडीत बसून निघून जायचा आणि हा छकड्यावर. शर्यती परत सुरू झाल्या तेव्हा तिघांतला एकच परत आला. दहा वर्षांत पायांचा अंदाज गेला, असं कंटेनरवाला म्हणाला. "ब्रेकची सवय लागली," तो म्हणाला, आणि ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

2017 चा कायदा आणि त्याखालचे नियम वाचण्यासारखे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी. पशुवैद्यकानं बैल तपासून दाखला द्यायचा. धाव एक हजार मीटरच्या आत. काठी, चाबूक, विजेचा झटका देणारं यंत्र काहीही वापरायचं नाही. जनावराला यातना दिल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे सगळं बैलासाठी आहे आणि योग्यच आहे. ज्यांनी बैलाची शेपटी चावताना, खिळा टोचताना, बॅटरी लावताना माणसं पाहिली आहेत त्यांना या नियमांची गरज पटवून द्यावी लागत नाही. मीही ते पाहिलेलं आहे आणि त्या मैदानातून तसाच उठून आलो होतो. बैल ओझं ओढायला घडलेलं जनावर आहे, घोड्यासारखं पळायला नाही, हा प्राणिप्रेमींचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये उचलून धरला होता. 2023 चा निकाल वेगळा लागला म्हणून तो प्रश्न मिटत नाही. ज्या दिवशी नियम न पाळता मैदानं भरायला लागतील त्या दिवशी तो पुन्हा दारात उभा राहील.

पण माणसाकडं बघायला कुणी तयार नाही, ही माझी तक्रार आहे. इंदापूरच्या त्या मैदानात बैलांसाठी पशुवैद्यक होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. डोक्याला हेल्मेट घातलेला ड्रायव्हर मात्र दिवसभरात मला एकही दिसला नाही. मोटारीच्या शर्यतीत उतरायचं तर देशाच्या मोटारस्पोर्ट महासंघाचा परवाना लागतो, गाडीची तपासणी होते, हेल्मेटचा दर्जा बघितला जातो. बाभळीखालच्या माणसाकडं यातलं काही नव्हतं. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख. ज्या कारणांना ही मदत मिळत नाही त्यांच्या यादीत मोटार शर्यतीतला अपघात स्पष्ट लिहिलेला आहे. बैलगाडीचा उल्लेख त्या यादीत नाही. पण एका ड्रायव्हरच्या भावानं मला सांगितलं की दवाखान्यात भरती करताना 'शेतात पडला' असंच लिहून द्यायचा सल्ला त्यांना चार जणांनी दिला होता. त्या ड्रायव्हरचा खुबा मोडला होता. मालकानं दवाखान्याचं बिल दिलं, हेही त्यानं आवर्जून सांगितलं. पुढच्या आठ महिन्यांचं घर बायकोनं खुरपून चालवलं.

पैशाची चर्चा इथं टाळता येत नाही. बैलाची किंमत लाखांत जाते. नामी बैलाची किती झाली ते वर्तमानपत्रात छापून येतं, आणि त्या आकड्यांनी खेळाचा स्वभाव बदलला आहे. जून 2024 मध्ये बारामती तालुक्यातल्या निंबुतला बैलाच्या व्यवहारातल्या पैशांवरून वाद झाला, गोळी सुटली आणि एका गाडामालकाचा जीव गेला. नीरेच्या दोन्ही काठांवरच्या शौकिनांना त्या बातमीनं हादरवलं. मैदानात त्याविषयी बोलताना माणसं अजून आवाज खाली करतात. जिथं एका जनावरापायी माणसाचा जीव जाऊ शकतो, तिथं हाकणाऱ्याचा मोबदला कुठल्या कागदावर नसावा, हे मला चुकीचं वाटतं. साधी रीत अशी आहे की मैदान मारलं तर मालक खुशीनं काहीतरी देतो. कधी भरघोस, कधी टोपी-उपरणं. हरला तर पेट्रोलचे. खुशीवर चालणाऱ्या व्यवहारात चांगला मालक मिळणं हेच नशीब.

याच ऊसपट्ट्यात, सांगली-कोल्हापूरकडं, ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या मागं घेण्याच्या स्पर्धा भरतात. आखलेल्या पट्ट्यातून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उलटा न्यायचा. कारखान्याच्या गव्हाणीपाशी वर्षानुवर्षं जे करावं लागतं त्याचंच हे कसब. तिथं समालोचक ट्रॅक्टरच्या कंपनीचं नाव एकदा घेतो आणि ड्रायव्हरचं दहा वेळा. बक्षीस त्याच्या हातात पडतं. ट्रॅक्टर मालकाचाच असतो, तरीही. याचं कारण मला असं दिसतं की ट्रॅक्टर स्वतःहून मागं जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बैल स्वतःहून पळतो असं मात्र आपण धरून चालतो. चागिनचा ट्रक आणि आबांची जोडी यांत हा फरक खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. यंत्राला मन नाही, बैलाला आहे, आणि जिंकण्यात त्याचा वाटा यंत्रापेक्षा मोठा आहे. म्हणून बैलाचं नाव आधी घ्यावं, गुलाल आधी त्याच्या पाठीवर पडावा. माझं म्हणणं दुसऱ्या नावाबद्दल आहे.

कुस्तीतून पदव्या घेतल्या, तर तिथली आणखी एक गोष्ट घेण्यासारखी होती. मल्ल कुणाच्या आश्रयाला असला, खुराक कुणाचाही खात असला, तरी कुस्ती त्याच्या नावावर लागते आणि त्याच्या नावावर जमा होते. वस्तादाचं नाव पाठोपाठ येतं. म्हातारपणी सरकारचं मानधन मिळतं ते त्या नावावर. छकड्याच्या मैदानात मालक, बैल, गाव, पैरेकरी, आयोजक या सगळ्यांची नावं फलकावर असतात. एक ओळ वाढवायला किती जागा लागते? प्रवेशाची पावती फाडताना ड्रायव्हरचं नाव लिहायचं, निकालाच्या कागदावर ते ठेवायचं, आणि प्रवेश फीतून त्या दिवसाचा त्याचा अपघात विमा काढायचा. आयोजक मंडळींशी बोललो तेव्हा कुणी विरोध केला नाही. एकजण म्हणाला, "कुणी मागितलंच नाही आजवर." मला वाटतं तो खरं बोलत होता. ज्यांनी मागायचं त्यांना आपली कारकीर्द आहे हेच कुणी सांगितलेलं नाही.

कारण कारकीर्द आहे. आबांची मी दोन संध्याकाळ बसून मांडायचा प्रयत्न केला. पहिलं मैदान सोळाव्या वर्षी, लासुर्ण्याच्या अंगाला, चुलत्याच्या बैलांवर, गटातच मार खाल्ला. पुढं फलटण, माळशिरस, माण, दहिवडी. बक्षिसात पितळी घागर मिळायची तो काळ, मग भिंतीवरची घड्याळं, मग सायकल, मग मोटारसायकल. मोटारसायकल मालकानं ठेवली आणि यांना एक बैलाची झूल दिली, ती अजून पेटीत आहे. दोनदा हात मोडला, एकदा बरगड्या. एकदा चाक निखळलं तेव्हा आख जमिनीत रुतला आणि ते बैलांच्या पुढं जाऊन पडले. बैलांनी त्यांच्यावरून उडी मारली, पाय दिला नाही. हे सांगताना ते थांबले आणि डोळे पुसले. चाळिशीत गुडघा गेला. मग त्यांनी तीन पोरं तयार केली, त्यातलाच एक बाभळीखाली हळद लावत होता.

दुसऱ्या संध्याकाळी आबांच्या सुनेनं चहा दिला आणि ती जात्यापाशी ऐकत बसली. लग्न होऊन तिला चौदा वर्षं झाली होती आणि यातलं निम्मं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. मी सालं विचारत होतो आणि आबांना ती आठवत नव्हती, ते म्हणायचे, "थोरल्याचं बारसं झालं त्याच्या पुढच्या जत्रंला," किंवा "उजनीचं पाणी पहिल्यांदा रानात आलं तवा." मी तसंच लिहून घेतलं. थोड्या वेळानं त्यांची नात, पाचवीतली, दप्तर घेऊन आली. दप्तरातून एक दुरेघी वही काढली, मागची चारपाच पानं कोरी होती ती मोजली आणि माझ्या हातातलं पेन मागून घेतलं. वरती तिनं आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, मैदान नंबर एक, आणि विचारलं, "आबा, त्या बैलांची नावं काय होती?"